घोड्यामागची पेटी

गेल्या द्राक्ष हंगामातली गोष्ट. रविवार होता. कचेरीला सुट्टी, म्हणून मी ओट्यावर बसून वस्तीतल्या एका आजींचा निराधार योजनेचा अर्ज भरत होतो. इतक्यात आमच्याच वस्तीतला एक तरुण धापा टाकीत आला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, जरा येता का? पेटी गेली."

मला वाटले, चोरी झाली. पोलिसात तक्रार द्यायची असेल म्हणून कोरे कागद घेतले, चपला अडकवल्या आणि त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो. जाऊन पाहतो तो पेटी जागच्या जागी होती! फक्त तिचा आकार पेटीचा राहिला नव्हता. लोखंडी पत्र्याची नवी कोरी पेटी, आदल्या दिवशी रंग दिलेली, एका बाजूने अशी चेपली होती की झाकण उघडेना. आत जॅक, व्हीलपाना, टॉमी, साखळी सगळे अडकून बसलेले. गाडी रस्त्यात आडवी. मागे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याच्या तोंडी आमच्या पोराचा उद्धार चाललेला.

ज्या माय-भगिनींचा या धंद्याशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कंटेनर वाहणारी जी लांबलचक गाडी आपण महामार्गावर पाहतो, ती एक गाडी नसून दोन असतात. पुढे इंजिन आणि केबिन असलेला भाग, त्याला आपले ड्रायव्हर 'घोडा' म्हणतात. मागे जोडलेला तो ट्रेलर. ट्रेलरला पुढची चाके नसतात. त्याचे तोंड घोड्याच्या पाठीवर टेकलेले असते. घोड्याच्या पाठीवर ग्रीस लावलेली एक जाड लोखंडी थाळी असते, तिला 'फिफ्थ व्हील' म्हणजे पाचवे चाक म्हणतात. ट्रेलरच्या तळाला एक खुंटी असते, ती 'किंगपिन'. ही खुंटी थाळीच्या खाचेत जाऊन अडकली की दोन गाड्यांची एक गाडी होते. या खुंटीभोवती ट्रेलर वळतो, जात्याचा वरचा पाळू खुंट्याभोवती फिरावा तसा.

पाचवे चाक हे नाव मोटारी येण्याच्या आधीचे आहे. परदेशात घोडागाडीचा पुढचा कणा वळावा म्हणून त्यावर एक आडवे लोखंडी कडे बसवीत. चार चाके उभी आणि हे पाचवे आडवे. पुढे मोटारीचे युग आले. अमेरिकेत डेट्रॉइट शहरात ऑगस्ट फ्रुहॉफ नावाचा एक लोहार होता. त्याने १९१४ साली एका लाकूड व्यापाऱ्याची होडी वाहून नेण्यासाठी फोर्डच्या मोटारीमागे जोडायची दोन चाकांची गाडी तयार केली. त्यातूनच पुढे ट्रेलरचा मोठा धंदा उभा राहिला. घोडागाडी गेली, पण आपल्या ड्रायव्हर मंडळींनी इंजिनाला घोडाच म्हटले, हे मला मोठे गमतीचे वाटते.

आपल्या सायखेड्याला पिंपळगाव बसवंत बाजार समितीचे कांद्याचे उपबाजार आवार आहे. भोवती निफाड तालुक्याच्या द्राक्षबागा आहेत. १९८९ साली न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले आणि हळूहळू कंटेनरची वाहतूक वाढत गेली. जानेवारी ते एप्रिल या काळात द्राक्षांचे थंड कंटेनर भरून बंदराकडे निघतात. बागा आपल्यापैकी फार थोड्यांच्या. पण छाटणीला, खुडणीला, पॅकिंगला आणि गाडीवर आपलीच माणसे असतात. हा तरुण आधी क्लीनर होता, मग ड्रायव्हर झाला आणि दोन वर्षांपूर्वी त्याने जुना घोडा आणि ट्रेलर हप्त्यावर घेतला. त्या दिवशी हप्त्याची तारीख चार दिवसांवर होती. पेटी गेली म्हणजे काय गेले, हे त्याच्या तोंडाकडे पाहून मला समजले.

आता ती पेटी तिथे आलीच कशी? घोडा घेतला तेव्हा त्याला धड पेटी नव्हती. सामान केबिनमध्ये सीटखाली कोंबायचे. जॅक पायात यायचा, ग्रीस अंथरुणाला लागायचे. केबिनच्या मागे आणि ट्रेलरच्या तोंडापुढे चांगली अडीच फूट मोकळी जागा दिसत होती. एका फॅब्रिकेशनवाल्याकडे त्याने नुसता घोडा नेला आणि त्या जागेत केबिनच्या पाठीला लागून आडवी पेटी बसवून घेतली. ६ फूट रुंद, दीड फूट खोल आणि चांगली छातीइतकी उंच. संध्याकाळी ट्रेलर जोडला. "उभ्या गाडीला हात घालून बघितला होता भाऊसाहेब, पुरा एक फूट मोकळा होता," तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता. खोटे बोलत नव्हता. सकाळी रिकामा कंटेनर घेऊन निघाला. रस्ता जवळजवळ सरळ. पॅकहाऊसच्या फाटकाशी वळण घेतले आणि कंटेनरचा कोपरा पेटीत घुसला.

पेटीचे नुकसान दिसत होते. पण त्याहून वाईट एक गोष्ट झाली होती. घोड्याकडून ट्रेलरकडे हवेचे पाइप जातात, त्यांच्यावर ट्रेलरचे ब्रेक चालतात. चेपलेल्या पेटीची धार तांबड्या पाइपात घुसली आणि पाइप फाटला. तांबड्या पाइपातली हवा गेली की ट्रेलरचे ब्रेक आपोआप आवळले जातात. ती सोय माणसाचा जीव वाचावा म्हणूनच केलेली असते, कारण ट्रेलर सुटून पळू लागला तर त्याला थांबवणार कोण? परंतु त्यामुळे गाडी ना पुढे जाईना ना मागे. हे फाटकाशी झाले म्हणून दोन तासांच्या खोळंब्यावर भागले. हेच कसारा घाटात, भरल्या कंटेनरसह, एखाद्या नागमोडी वळणावर झाले असते तर? हा विचार मी त्याच्यापुढे बोलून दाखवला नाही. त्याची आई तिथेच उभी होती.

आणि आई तिथे का होती, तर धाकटा भाऊ, वय वर्षे १९, त्याच गाडीवर क्लीनर. फाटक येण्याच्या जरा आधी गाडी थांबली होती. तेव्हा तो पोरगा पेटीतून साखळी काढायला केबिनच्या मागे त्या जागेतच चढला होता. उतरला, फाटक उघडायला पुढे धावला आणि मागे आवाज झाला. मध्ये एक मिनिटही गेला नसेल. पेटीचा पत्रा जसा चेपला तसे... असो. मावशी एकच वाक्य धरून बसल्या होत्या: "पत्र्याचं काय घेऊन बसलात, पोरगं आत होतं."

त्या रात्री मला झोप आली नाही. आम्ही बी.कॉम.ची माणसे, जमा-खर्च कळतो, यंत्र कळत नाही. पण एक फूट जागा मोकळी असूनही कोपरा लागला कसा, हा हिशोब मला सोडवेना. शेवटी पोरीची नववीची वही घेतली. तिने पाच मिनिटांत सोडवला! पुढच्या रविवारी आम्ही विहारासमोरच्या मोकळ्या जागेत खडूने तीच आकृती काढली. पाच-सहा ड्रायव्हर, तेवढेच क्लीनर, आणि बघायला सगळी वस्ती.

आपणही घरच्या अंगणात करून पाहा. जमिनीवर एक खिळा ठोका, ही खुंटी. त्याच्यापुढे ३ फुटांवर एक आडवी रेघ मारा, हे ट्रेलरचे तोंड. कंटेनर ८ फूट रुंद असतो, म्हणून ही रेघ मधोमध धरून दोन्हीकडे ४-४ फूट न्या. आता दोरी घेऊन खिळ्यापासून रेघेच्या टोकापर्यंत, म्हणजे कोपऱ्यापर्यंत, मोजा. ३ फूट नाही भरणार. ५ फूट भरेल. शाळेत शिकलेला ३, ४, ५ चा काटकोन त्रिकोण तो हाच. आता दोरी ताणून खिळ्याभोवती फिरवा. कोपऱ्याची वाट ही अशी गोल जाते. गाडी सरळ उभी असताना ट्रेलरचे तोंड खुंटीच्या फक्त ३ फूट पुढे असते, पण वळणात त्याचा कोपरा ५ फूट पुढे येतो. दोन फुटांचा फरक!

आमच्या त्या घोड्याची केबिन खुंटीपासून साडेपाच फुटांवर होती. म्हणजे पूर्ण वळणातही अर्धा फूट शिल्लक राहत होता. ज्यांनी ती जोडी जमवली होती त्यांनी हा हिशोब करूनच जमवली असणार. पेटी बसली आणि साडेपाचाचे चार फूट झाले. मग केवढे वळण पुरले? सुमारे १६ अंश. घड्याळाचा मिनिटकाटा तीन मिनिटांत जेवढा सरकतो त्याहूनही कमी. एवढे वळण तर किराणा दुकानासमोर उभी असलेली रिक्षा चुकवतानाही होते. पेटी रुंदीला निम्मी केली असती तर आठ-नऊ अंश जास्त मिळाले असते, पण लागायची ती लागलीच असती.

एका वयस्कर ड्रायव्हरने तेव्हा विचारले, "मग पेटी बुटकी केली आणि ट्रेलर तिच्यावरून फिरू दिला तर?" प्रश्न रास्त आहे. पेटी ट्रेलरच्या तळापेक्षा खाली असेल तर सपाट रस्त्यावर वळताना कोपरा तिच्यावरून निघून जातो. पण आपला रस्ता सपाट कुठे आहे? घोडा पुलाच्या चढावर चढला आणि ट्रेलर अजून मागे सपाटीवर असला की घोड्याची पाठ पुढून उचलली जाते आणि पेटी ट्रेलरच्या तळाला भिडते. त्याच वेळी केबिनचा माथा मागे झुकून कंटेनरच्या माथ्याजवळ येतो. खड्ड्यात गाडी आदळली की वेगळेच. म्हणून बुटकी पेटी ठेवायची तर तिच्या झाकणावर भरपूर मोकळी जागा पाहिजे, आणि ती रिकाम्या व भरल्या दोन्ही गाड्यांना मोजली पाहिजे.

हा प्रश्न आपल्यापुरताच आहे असेही नाही. अमेरिकेत पुष्कळ लोक पिकअप गाडीमागे चाकावरचे घर जोडून फिरतात. त्यांच्या पिकअपच्या हौद्यातच हे पाचवे चाक बसवलेले असते, आणि हौद्यात केबिनला लागून आडवी हत्यारांची पेटी ठेवण्याची तिकडे जुनी पद्धत आहे. तिथेही नेमके हेच होते. घराचा पुढे आलेला भाग वळणात पेटीवर किंवा थेट केबिनच्या काचेवर येतो. ज्यांचा हौदा ८ फूट लांब त्यांचे निभावते. आखूड हौद्यावाल्यांसाठी तिकडे सरकती थाळी मिळते. गाडी मागे घेताना ती फूटभर मागे सरकवतात. पेटीही बुटक्या घडणीची घेतात, आणि हौद्याचा काठ व घराचा तळ यांत साधारण ६ इंच तरी अंतर ठेवतात. दुसरीही एक गोष्ट ते लक्षात ठेवतात. अशा घराच्या वजनाचा साधारण पंधरा ते पंचवीस टक्के भार खुंटीवाटे पिकअपच्या पाठीवर येतो. म्हणून पेटीतला प्रत्येक पाना त्या भारात धरून चालावे लागते.

आपल्याकडे थंड कंटेनरचा आणखी एक फेरा आहे. द्राक्षांचा कंटेनर थंड ठेवायला वीज लागते आणि ती देणारा जेनसेट काही वेळा ट्रेलरच्या तळाला, तर काही वेळा कंटेनरच्या तोंडावर टांगलेला असतो. तोंडावर असला की तो तेवढा पुढे येतो. साध्या कंटेनरला जी जागा पुरते ती या कंटेनरला पुरेलच असे नाही. ज्याची गाडी हंगामात द्राक्षे आणि एरवी दुसरा माल ओढते त्याने तोंडावर जेनसेट टांगलेला कंटेनर धरूनच माप घ्यावे.

मग पेटी बसवायची कुठे? आमच्या बुजुर्गांना हे ठाऊक होते. बैलगाडीचा वंगणाचा नळा गाडीच्या खाली टांगलेला असे. तो जोखडाजवळ, बैल वळतात तिथे कुणी बांधला आहे काय? घोड्याच्या चासीच्या बाजूला, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, डिझेलच्या टाकीसमोरच्या अंगाला बहुतेक वेळा जागा निघते. नाहीतर ट्रेलरच्या खाली, बाजूला, त्याच्या टेकण्याच्या पायांच्या मागे. जड सामान तिथे खाली राहिले तर गाडीलाही बरे. तोटाही आहे, तो लपवत नाही. चिखल उडतो, कुलूप गंजते आणि पाणी शिरते. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षी ऑगस्टात गोदामाईचे पाणी आपल्या गावात शिरले होते, हे आपण विसरलेलो नाही. खालच्या पेटीला तळाशी पाणी जाण्याची भोके आणि झाकणाला रबर पाहिजे. पुराची हूल उठली की जॅक घरात आणावा.

चासीला वेल्डिंग करू देऊ नका, वाटेल तिथे भोकेही पाडू देऊ नका. चासी तिथेच कमजोर होते आणि भरल्या गाडीत तिथूनच चिरते. आधीची जी भोके असतात त्यांत बोल्ट घालून पट्ट्या आवळाव्यात. पाइप आणि वायरी पेटीच्या धारेवर घासत नाहीत ना, ते बघावे. आणि पेटी घट्ट करण्याआधी ट्रेलर जोडून मोकळ्या मैदानात अगदी हळू, डावीकडे पूर्ण आणि उजवीकडे पूर्ण वळवून पाहावे. एक माणूस लांब उभा राहून बघेल. लांब, हे पुन्हा सांगतो.

माझ्या प्रांतातली एक गोष्ट. मागाहून बसवलेली वस्तू विम्याच्या पॉलिसीत लिहिलेली नसेल तर तिची भरपाई सहसा मिळत नाही. आमच्या पोराची पेटी लिहिलेली नव्हती. मी सगळे कागद उलटेपालटे करून पाहिले, पण नाही ते नाही. पाइप आणि कामगार यांचा खर्च, बुडालेली फेरी, सगळे त्याच्या अंगावर आले. हप्ता त्याने भरला. कसा भरला ते त्याच्या घरच्या बाईला विचारा. तिच्या कानातले तेव्हापासून दिसलेले नाहीत.

आता क्लीनर पोरांविषयी. ही पोरे उन्हातान्हात बिचारी सावली शोधतात आणि घोडा-ट्रेलरच्या मधल्या जागेत जाऊन बसतात. कुणी तिथे डबा खातो, कुणी ओले कपडे वाळत घालतो. गाडी बंद आहे ना, मग काय, असे म्हणतात. परंतु ड्रायव्हरला केबिनमधून मागचे दिसत नाही. गाडी जरा सरळ करतो म्हणून त्याने चार फूट पुढे घेतली की कोपरा फिरतो. माणसाच्या छातीला दीड फूट जागा लागते, आणि वर दाखवलेच आहे की ती जागा किती झपाट्याने नाहीशी होते. त्या रविवारी पोरांनी आपसात असे ठरवले: मधल्या जागेत शिरायचे असेल तर आधी ड्रायव्हरकडून चावी घ्यायची, खिशात घालायची, चाकाला लाकडी गुटका लावायचा आणि मग चढायचे. बाहेर आल्यावर चावी परत. एकदोन मालकांनी नाके मुरडली. क्लीनरने चावी मागायची म्हणजे काय! मी त्यांना म्हटले, साहेब, तुमचा मुलगा त्या जागेत चढणार असता तर तुम्ही चावी कोणाकडे ठेवली असती? ते काही बोलले नाहीत. चावी मात्र आता मिळते.

ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांनीही हे वाचून सोडून देऊ नये. ट्रॉलीच्या दांडीवर पेटी ठोकतात आणि पेटीवर पोरे बसतात. आखूड वळणावर ट्रॅक्टरचे मागचे मोठे चाक ट्रॉलीच्या किती जवळ येते ते एकदा खाली उभे राहून बघा. बागेत मजुरीला जाणाऱ्या आमच्या भगिनीसुद्धा घाईत त्या पेटीवर टेकतात. ती बसायची जागा नव्हे.

महिनाभराने त्या तरुणाने नवी पेटी केली. या वेळी चासीच्या बाजूला, खाली. बसवायच्या आधी धाकट्या भावाने दोरी आणि खडू घेऊन माप काढले आणि मला फोन करून आकडे वाचून दाखवले. मी म्हटले, मला कशाला विचारतोस, माझ्या पोरीला विचार. जुनी पेटी भंगारवाल्याने मागितली होती, पण मावशींनी दिली नाही. तिचे झाकण काढून, चेपलेली बाजू भिंतीला लावून त्यांनी परसात कोंबड्यांचे खुराडे केले आहे. परवा गेलो तेव्हा आत दोन अंडी होती.